काठी वर, भोंगा चूप

मी बाजात गेलो तो काही मले सूर कळत होता म्हणून नाही, गाल मोठे होते म्हणून. लहानपणापासून दोन्हीकडं लाडू दाबून ठेवल्यासारखे गाल. माय म्हणे, "हा पोट्टा उपाशी असला तरी लोकाईले वाटते, खाऊनच रायला." शाळेत मी गेलो होतो, नाही असं नाही. पण गुरुजीनं मले छपराच्या कवेलूवर चढवलं गळती पाहाले, अन् तिथून मी उतरलो तो सीधा वावरात. म्हणून हे सारं मी बोलून रायलो अन् माही नातीन लिहून रायली. मधी मधी ती हासते. हासू द्या, तिच्या आजीनंही हासूनच हो म्हटलं होतं.

आमचं हिवरटोला म्हणजे चारी बाजूनं धानाच्या बांध्या अन् मधात मूठभर घरं. आमच्या घरी सकाळ कोंबड्यानं होत नव्हती, मुसळानं होत होती. अंगणात एकच उखळ, अन् त्याच्या दोन बाजूले दोघी उभ्या, माय अन् माही लहान बहीण सकू. मायचं मुसळ खाली आलं की सकूचं वर, सकूचं खाली की मायचं वर. धप्प, धप्प, धप्प. दोन मुसळं, एक उखळ, पण टक्कर म्हणून कधी झाली नाही. वरून दोघींच्या गप्पा चालूच. मी खाटेवर पडल्या पडल्या ते ऐकत असो, अन् मंग बासी भात अन् जवसाची चटणी पुढं आली की उठत असो. बाबा तवरी बैलं घेऊन वावरात पोचलेले राहत. बाबा माह्याशी कमी बोलत. जे बोलत ते नाकातून बोलत, अन् ते बहुतेक गालावरच असे.

गावच्या पोट्ट्याईनं गोंदियाच्या एका बंद पडलेल्या बाजाची जुनी पितळ आणली होती. दोन क्लारनेट, कॉर्नेट, ट्रंपेट, ढोल, झांजा, अन् एक भल्ला मोठा भोंगा. अजगरासारखा अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा अन् त्याचं तोंड आपल्या डोक्याच्या वर. तो कोणाले फुकता येईना. मंग साऱ्याईनं माह्या गालाकडं पाह्यलं. पहिल्या दिवशी मी फुकला त आतून पहिले पाल निघाली, सूर मागून आला. पण आला, अन् मी बाजावाला झालो. बाबा म्हणाले, "नांगराले गाल लागत नाही, म्हणून इथं लागला वाटते."

तवा बाजाचा एकच कायदा होता, जोरात. लग्नवाले आवाजाचे पैसे देतात असं आमाले वाटे. कामठ्याच्या बाजारात बसलेल्या माणसानं मान वर करून "कोणाचं लगन हाये गा?" असं विचारलं म्हणजे आमचं काम झालं. सारे जण एकच चाल, एकच जोर, सुरू केलं त संपतवरी. दम लागला की थांबायचं, पान खायचं, पुन्हा फुकायचं.

एका दुपारी खळ्यात आम्ही असेच फुकत होतो त हवालदार काका येऊन उभे रायले. काका आमच्याच टोल्याचे पोवार शेतकरी, पण जवानी सारी पलटनीच्या बँडात गेली होती. गोऱ्या साहेबाच्या हाताखाली कॉर्नेट वाजवलं, बर्मापर्यंत जाऊन आले, मंग पेन्शन घेऊन धान पेरत बसले. डोरे मिटून त्याईनं आमचं सारं ऐकून घेतलं. आमाले वाटलं, रंगले म्हातारे. डोरे उघडून काका म्हणाले, "बर्मा में बम गिरा था मेरे बाजू में. इतना बुरा नहीं लगा था."

दुसऱ्या दिवशीपासून काकाच आमचे मास्तर झाले. आम्ही बोलावलं नव्हतं. तेच म्हणत, "गाँव की इज्जत का सवाल है." हातात बैल हाकायची काठी घेऊन ते समोर उभे रायले अन् काठी वर उचलली. बाकीचे पोट्टे पाहात रायले, मी भोंग्यासकट पळालो. माह्या अनुभवात वर गेलेली काठी खाली येते, अन् कोणाच्या तरी पाठीवर येते. काकानं मले मानगूट धरून आणलं अन् सांगितलं, ही काठी मारासाठी नाही. ही वर गेली की श्वास भरायचा, खाली आली की वाजवायचं, अन् जितक्या बेगीन हालन तितक्या बेगीन चालायचं. त्या चालण्याले 'टेम्पो' म्हणतात. बैल रमतगमत वावरात जातात तो 'अंदांते'. संध्याकाळी घराकडं, कोंड्याकडं, जे धावत सुटतात तो 'अलेग्रो'. हे मले एका झटक्यात कळलं. मी सोताही कोंड्याकडंच अलेग्रो जाणारा माणूस.

शब्द शिकणं म्हणजे काय मजा होती! काका शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवर काडीनं पाच रेघा ओढत अन् त्याच्यावर कोळशाचे ठिपके, म्हणजे सूर, मांडत. एकदा मास्तर पाणी प्यायले गेले अन् मधातून कोंबडी चालत गेली. वाचता येत नाही, पण बोटानं जागा पाहून फुकायचं एवढं मले जमू लागलं होतं. मी कोंबडीचे पायही फुकून टाकले. काका लोटा घेऊन दारातच थबकले. म्हणाले, "आज पहली बार तूने कुछ नया बजाया."

फुकायचं जोरात म्हणजे 'फोर्ते', हळू म्हणजे 'पियानो'. फोर्ते आम्ही मायच्या पोटातून शिकून आलो होतो. पियानोले मात्र साऱ्याईनं तोंडं वाकडी केली. माह्या बाजूचा ढोलवाला म्हणाला, "काका, हळू वाजवलं त लोकं म्हणतीन पोट्टे उपाशी हायेत." काकानं आमाले आमगावच्या रस्त्यानं रेल्वेच्या रुळाजवळ नेलं अन् रुळाले कान लावून बसवलं. पहिले काहीच नाही. मंग मुंगी चालल्यासारखं. मंग गुणगुण, मंग खडखड, काकानं आमाले मागं ओढलं, अन् मंग मालगाडी अशी डोक्यावरून गेल्यासारखी गेली की माही टोपी उडून धानात पडली. काका ओरडले, "ये हुआ क्रेसेंडो!" गाडी सालेकशाकडं गेली, आवाज बारीक बारीक होत विरला. "और ये डिमिनुएंडो!" मी टोपी शोधत होतो, म्हणून माहा डिमिनुएंडो अर्धाच रायला. आताही कोणाच्या लग्नात डीजे छातीवर आदळते तवा मी नातवाईले म्हणतो, अरे, गाडी उभी हाये रे ही, येऊनच नाही रायली. ते म्हणतात, आजोबा, कानात कापूस घाला.

'हार्मनी'वरून मात्र माहं अन् काकाचं भांडण झालं. क्लारनेटले नाचती चाल, कॉर्नेटले दुसरीच काही, अन् मले फक्त दोन सूर. भोंम, भोंम. वर-खाली, वर-खाली. मी म्हटलं, "काका, साऱ्याईले जेवण अन् मले पत्रावळ?" काकानं बाकीच्याईले वाजवायले लावलं अन् मले चूप उभं केलं. अन् मले ऐकू आलं! चाल सुरेख होती, पण हवेत लोंबकळत होती, खाली जमीनच नाही. मंग मले काठी दाखवली. मी भोंम म्हटलं अन् सारा बाजा जणू जमिनीवर उतरला. सारे येगयेगळं बोलत होते अन् एकच गोष्ट सांगत होते. माह्या अंगावर काटा आला, गालावरही. त्या दिवसापासून मी त्या दोन सुराचा असा मालक झालो की कोणी तिसरा दिला असता त घेतला नसता.

सारं जमलं, एक सोडून. 'रेस्ट' जमेना. काकानं पलटनीची एक चाल आमच्यासाठी बसवली होती. पहिले फोर्ते, मंग हळूहळू पियानो, अन् मंग साऱ्या बाजाले एकदम रेस्ट. सारे चूप. काठी वर. काठी खाली आली की पहिले एकटा भोंगा, अन् तिथून क्रेसेंडो, सारे मिळून, आभाळ फाटेपर्यंत. काका सांगत, "रेस्ट मतलब बंद करना नहीं. चुप्पी बजाना है." मी विचारलं, "चुप्पी कोण्या बाजूनं फुकाची, काका?" पोट्टे हासले, पण रेस्ट आला की मी भों करून टाकोच. रिकामी जागा पाह्यली की मले शिंक आल्यासारखं होई. काका कपाळावर हात मारत. "सब चुप हैं, और ये भैंसा!"

मले रेस्ट शिकवला तो सकूनं. मी उखळाजवळ बसून रडगाणं गात होतो की चूप राहाचं असन त बाजात माणूस कायले ठेवाचा. सकूचं मुसळ चालूच. ती म्हणाली, "दादा, माहं मुसळ वर असते तवा मी का झोपली असतो?"

"नाही."

"मंग काय करून रायली असतो?"

मी पाहात बसलो. मायचं मुसळ खाली धप्प झालं तवा सकूचं वर होतं, पण तिचे हात ताणलेले, डोरे उखळात, पुढच्या घावाचा सारा जोर त्या वरच्या मुसळातच भरलेला. थांबली नव्हती ती. उचलून होती. मायनं घाम पुसत म्हटलं, "गालफुग्याले कळलं वाटते." खरंच कळलं होतं. पण कळणं येगळं अन् गाल आवरणं येगळं. तालमीत तरी माहा भों काही सुटला नाही.

अन् तेवढ्यात सकूचंच लगन ठरलं. नवरदेव गोंदियाजवळचा, घर भरलेलं, धानही अन् दुकानही. आमच्याकडं तवा अशी रीत होती की वरात गावाच्या आखरावर, म्हणजे जिथं गुरं जमतात त्या मैदानात आली की दोन्हीकडचे बाजे समोरासमोर उभे राहायचे. दोघंही एकदमच वाजवणार. ज्याचा बाजा पहिले थांबला तो हारला. जिंकणारा पुढं चालत मांडवात जाणार, हारणारा मागून, अन् तेही वाजं उलटं धरून. हे काही तेवढ्यावर संपत नव्हतं. पोरीवाले हारले त सासरी पोरीले जन्मभर ऐकून घ्यावं लागे. भाजी खारट झाली तरी म्हणत, तुह्या गावचा बाजाही असाच होता. आमच्या काकूले म्हातारपणी तिच्या नातसुनेनं असं ऐकवलेलं मी सोता ऐकलं होतं.

नवरदेवाचे मामा गोंदियाचा करीम मास्तरचा बाजा आणणार असं कळलं. आमच्या दुपटीनं माणसं, लाल कोट, सोनेरी बटनं, पायात बूट. आमच्यात बूट एकट्या काकाले, अन् तेही सणाचे. बाबा म्हणाले, "आपणही शहरातला बाजा आणू. पोरीच्या जन्माचा सवाल हाये. ह्या गालाच्या भरवशावर मी तिले सासरी पाठवू का?"

मले बाबाचं बरोबरच वाटत होतं. सकू चुलीजवळून म्हणाली, "बाबा, दादाचा बाजा वाजन, नाही त बिनाबाजाचं लगन लावा." जी पोरगी बाबापुढं पाणी मागत नव्हती ती हे बोलली. बाबा नाकातूनच "बरं" म्हणाले. अन् मी भोंगा घेऊन खळ्यात जो बसलो तो लग्नापर्यंत उठलो नाही. लाखोरीच्या डाळीचे वडे तळले तरी उठलो नाही, यावरून समजा.

वरात आली ती ऊन उतरताना. आखरावर सारं गाव, झाडावर पोट्टे, बैलगाड्याईवर बाया. करीम मास्तरचा बाजा समोर येऊन उभा रायला. त्याईच्या भोंगेवाल्याचे गाल माह्याहूनही मोठे होते! जन्मात पहिल्यांदा मले सोताचे गाल लहान वाटले. नवरदेवाचे मामा घोडीजवळून ओरडले, "अबे, हे बाजावाले हायेत का राखणीवाले? बुजगावणे उतरवून आणले का बे वावरातून?" वरात खदाखदा हासली. मीही हासलो, कारण बुजगावण्यासारखा सगळ्यात मीच दिसत होतो.

काकानं काठी वर केली. खाली आणली.

आम्ही फोर्ते सुरू केलं, अन् समोरून तेही सुटले. काय आवाज होता त्याईचा! मी फुकत होतो अन् माहा भोंगा मलेच ऐकू येत नव्हता. बैल दावं तोडून पळू पाहात होते. मंग काकाची काठी बारीक बारीक हालू लागली. पियानो. आम्ही कमी कमी होत चाललो. आमच्याच गावचे लोकं ओरडले, "फुका बे पोट्टेहो, मेले का?" बाबा मांडवाच्या वाटेवर उभे होते. त्याईनं डोक्यावरचा फेटा काढून काखेत धरला, जसा माणूस मयतीले धरते. मले वाटलं, मारू एक भों, बाबाचा जीव तरी राहीन. पण डोरे काठीवरच ठेवले.

अन् रेस्ट आला. काठी वर. आमचा सारा बाजा चूप. मीही चूप. चूप! माह्या डोऱ्यापुढं काठी नव्हतीच, सकूचं वर उचललेलं मुसळ होतं.

"हारले! हारले!" वरातीनं एकच गिल्ला केला. मामानं गुलाल उधळला. लाल कोटवाल्याईनं वाजं तोंडातून काढलं, टोप्या आभाळात फेकल्या, एकमेकाईले मिठ्या मारल्या. त्याईचा भोंगेवाला त घोडीलेच मिठी मारून बसला. अन् हवालदार काका! तालमीत तो रेस्ट जेवढा होता तेवढा केव्हाचा होऊन गेला होता, पण म्हाताऱ्यानं काठी वरच धरली. अशी काठी जवरी वर हाये तवरी सारा बाजा तसाच खोळंबून धरायचा, त्यालेही एक शब्द हाये, 'फर्माता', पण तो त्याईनं आमाले मागून सांगितला. माहे गाल हवेनं भरलेले, डोरे बाहेर, कानातून वारा निघून रायला होता. काका समोर एक-एक टोपी खाली पडताना पाहात होते. शेवटची टोपी पडली. आखरावर एकही वाजं वाजत नव्हतं.

काठी खाली आली.

भोंम.

एकटा माहा भोंगा. एवढा मोठा, एवढा गोल सूर माह्या हातून पहिले कधी निघाला नव्हता. भोंम, भोंम. गिल्ला एकदम कापल्यासारखा बंद. ढोल हळूच आला, मंग क्लारनेट, मंग कॉर्नेट, रुळावरची मुंगी, मंग गुणगुण, मंग खडखड, अन् मंग सारी मालगाडी आखरावरून गेली. आमच्या गावचे लोकं कायच्या भरवशावर नाचून रायले हे त्याईलेही कळत नव्हतं, पण नाचून रायले होते.

मामा काकाच्या अंगावर धावले. "बेईमानी हाये ही! तुमचा बाजा पहिले थांबला!"

काका काही बोलायच्या आत करीम मास्तर पुढं आले. दाढीतला गुलाल झटकत म्हणाले, "नहीं मामाजी. थमा नहीं था. छड़ी ऊपर थी, रेस्ट चल रहा था. रुके तो हम."

"तुमाले माहीत होतं त तुम्ही काऊन थांबले मंग?"

"लड़के उछल गए, तो मैं भी उछल गया," मास्तर म्हणाले अन् असे हासले की मामाले हासावंच लागलं. मंग माह्याकडं वळून म्हणाले, "और तू! इतनी देर साँस कहाँ रखी थी बेटा?" मी गालाकडं बोट दाखवलं. बोलायले दम नव्हता.

रिवाजाप्रमाणं त्याईनं वाजं उलटं धरून मागून चालायचं होतं. काकानंच नको म्हटलं. म्हणाले, "मास्तर, पीछे से हार्मनी दो." अन् मंग आम्ही मांडवाकडं निघालो. पुढं आम्ही बिनाबुटाचे, चाल आमची, अन् मागं लाल कोट अन् सोनेरी बटनं, आमच्या चालीले सूर देत. दोन भोंगे मिळून भोंम म्हणत होते अन् वाटेच्या घरांच्या कवेलूवरची धूळ पडत होती. दारात सकू हळदीच्या अंगानं उभी होती. बाया तिले आत ओढत होत्या, ती जात नव्हती. पुढं सासरी तिले खारट भाजीवरून बोलणं बसलं, नाही असं नाही, सकूच्या हातात मीठ सांडतेच. पण बाजावरून कोणी तोंड उघडलं नाही. उलट तिचे मामेसासरेच पाव्हण्याईले सांगत, "आमच्या सुनेच्या गावी बाजाही श्वास धरून राहते."

मांडवात जेवणाची पंगत बसली. मी भोंगा उतरवून खांबाले टेकवला अन् पाणी प्यायलो. वळून पाहातो त बाबा भोंग्याजवळ उभे. फेटा डोक्यावर परत आला होता. इकडं-तिकडं पाह्यलं, अन् भोंगा उचलून अंगात घातला. उलटा घातला, मंग सीधा केला. पंगतीतले हात घासासकट थांबले. बाबानं छाती भरली, डोरे मिटले अन् फुकला.

काहीच नाही.

पुन्हा फुकला. नुसतं फुस्स.

माय वाढता वाढता थांबली. म्हणाली, "अवो, सोडा ते. तुमचे गाल बसलेले हायेत."

बाबानं मले बोटानं बोलावलं. नाकातून नाही, तोंडातून म्हणाले, "दाखव बे, कसा धराचा." मी त्याईचे ओठ धरून जागेवर बसवले, जिंदगीत पहिल्यांदाच बापाचं तोंड माह्या हातात. सांगितलं, पोटातून फुका. बाबानं पोटातून फुकलं, अन् भोंग्यातून असा आवाज निघाला की बाहेर बांधलेल्या म्हशीनं जवाब दिला. सारी पंगत हासून लोळली, करीम मास्तरच्या नाकातून वरण आलं. बाबा कोणाकडंच पाहात नव्हते. डोरे मिटून ते दुसरा श्वास भरून रायले होते.